वेगळी मने आणि कचेरीची चाकोरी

सन 1943 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोरोगतज्ज्ञ लिओ कॅनर ह्यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला. मराठीत जिला स्वमग्नता म्हणतात त्या अवस्थेच्या अभ्यासाला अमेरिकेत ह्या निबंधापासून खऱ्या अर्थाने प्रारंभ झाला. त्या अकरा मुलांपैकी पहिला मुलगा डोनाल्ड. पुढे त्याचे पूर्ण नाव, डोनाल्ड ट्रिपलेट, जगाला कळले. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा हा मुलगा 1938 साली कॅनर ह्यांच्याकडे प्रथम आला तेव्हा पाच वर्षांचा होता. आकड्यांत रमणारा, माणसांकडे ढुंकूनही न पाहणारा आणि ठरलेल्या क्रमात थोडाही बदल झाला तर आकांत मांडणारा, असे त्याचे वर्णन त्या निबंधात आहे.

ह्या व्याख्यानाचा विषय कामाचे ठिकाण हा असताना प्रारंभी एका पाच वर्षांच्या मुलाचा उल्लेख का, असे श्रोत्यांना वाटणे साहजिक आहे. त्याचे कारण पुढल्या हकीकतीत आहे. 1942 साली डोनाल्डच्या आईवडिलांनी त्याला गावापासून दहाएक मैलांवरील एका शेतकरी दांपत्याकडे राहावयास पाठविले. तीन वर्षांनी कॅनर तेथे त्याला पाहावयास गेले, आणि तेथे जे दिसले त्याने ते चकित झाले. मुलाला मोजमापाचे वेड होते. त्या दांपत्याने त्याला विहीर खणावयास लावली आणि तिची खोली किती झाली हे सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करीत असे. त्यांच्यासाठी शेतातील एक जागा दफनभूमी म्हणून नेमून दिली आणि प्रत्येकावर खुणेची पाटी लावावयास सांगितले. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजीत राही. तेव्हा ओळी मोज, पण नांगरता नांगरता मोज, असे त्याला सांगण्यात आले. कॅनर ह्यांच्यादेखत त्याने सहा लांबलचक ओळी नांगरल्या. घोडा आणि नांगर त्याने कुशलतेने हाताळले व ओळीच्या टोकाला घोडा व्यवस्थित वळविला, अशी नोंद कॅनर ह्यांनी करून ठेवली आहे.

ही माणसे शेतकरी होती, वैद्य नव्हती. मुलाचे वेड घालविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ते वेड कोणत्या कामाला जुंपता येईल, एवढेच त्यांनी पाहिले. कामाच्या ठिकाणी वेगळ्या घडणीच्या माणसाला सामावून घेणे म्हणजे काय, ह्याविषयी अलीकडच्या दोनतीन दशकांत जे विपुल लिहिले गेले त्यातील बहुतेक सार ह्या शेतावर आधीच आढळते, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे डोनाल्ड महाविद्यालयात शिकला, 1958 मध्ये पदवीधर झाला आणि गावच्याच बँकेत हिशेबनीस व रोखपाल म्हणून कामास लागला. तो गोल्फ खेळे, मोटार चालवी, एकटाच देशोदेशी प्रवास करी. 15 जून 2023 रोजी वयाच्या 89 व्या वर्षी तो मरण पावला.

तथापि ही कथा केवळ गोड करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या बँकेत डोनाल्डला काम मिळाले त्या बँकेत त्याच्या कुटुंबाचे भांडवल होते, आणि गावात कुटुंबाचा शब्द वजनदार होता. ज्यांना असे पाठबळ नव्हते त्यांचे काय झाले? 1971 मध्ये कॅनर ह्यांनी त्या अकरा जणांचा पुन्हा मागोवा घेतला. काही जण सरकारी मनोरुग्णालयांत आयुष्य कंठीत होते आणि बालपणी जे कौशल्य त्यांच्या ठायी दिसले होते तेही मावळले होते. अशा संस्थेत दाखल होणे हे जवळजवळ जन्मठेपेसारखे ठरले, असा कॅनर ह्यांचा अभिप्राय होता. ह्याच अकरांतील आणखी एक जण मात्र एका सरकारी कचेरीत प्रती काढण्याची यंत्रे चालवीत होता, आणि त्याचा वरिष्ठ त्याच्या विश्वासूपणाची, काटेकोरपणाची आणि सहकाऱ्यांविषयीच्या आस्थेची मुक्तकंठाने प्रशंसा करीत होता. अकरा मुलांची बालपणीची लक्षणे थोडीफार भिन्न होती हे खरे. परंतु पुढल्या आयुष्यातील अंतर एवढे विलक्षण आहे की ते केवळ लक्षणांच्या भिन्नतेने पडले, असे मानता येत नाही.

आता शब्दांविषयी थोडेसे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द इंग्रजीत प्रचारात आला. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्यूडी सिंगर ह्यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते, जरी तो शब्द स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतील चर्चेतून अनेकांच्या हातून घडला असे आता अभ्यासक मानतात. माणसांचे मेंदू एकाच साच्यातून निघत नाहीत, आणि काहींची घडण बहुसंख्यांहून निराळी असते एवढ्यावरून ती बिघडलेली ठरत नाही, हा त्यामागील विचार आहे. स्वमग्नता, वाचनलेखनाच्या अध्ययन-अक्षमता, अवधान-न्यूनता व अतिचंचलता अशा अवस्था त्यात मोडतात. मराठीत ह्या संज्ञेला अद्याप रुळलेला प्रतिशब्द नाही. प्रस्तुत व्याख्यानात ‘वेगळ्या घडणीची माणसे’ असा साधा शब्दप्रयोग केला आहे. खुद्द ‘स्वमग्नता’ हा शब्दही थोडा अन्यायकारकच म्हणावा लागेल, कारण स्वतःतच मग्न असणे आणि दुसऱ्याशी कोणत्या वाटेने बोलावे हे न उमगणे ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी 2012 मध्ये ह्याच मुद्द्यावर बोट ठेवले. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, असे नेहमी सांगितले जाते. परंतु इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कोठे कळते? गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो आणि दोष मात्र एकाच्याच माथी बसतो.

ह्या विधानाची प्रचीती भारतीय कचेरीइतकी अन्यत्र क्वचितच येईल. आपल्या कचेऱ्यांचा कारभार निम्मा लेखी आणि निम्मा सूचक असतो. “जरा हे पाहून घ्या” असे साहेब म्हणतात, तेव्हा प्रकरण आजच निकालात काढावयाचे असते. “सवडीने करा” ह्याचा अर्थ कधी दुपारपर्यंत असा असतो, तर कधी मुळीच करू नका असा असतो. “बघू” म्हणजे बहुधा नकार. “तुम्हांला योग्य वाटेल तसे करा” हे वाक्य तर एखाद्या धमकीसारखे वापरले जाते. बहुसंख्य कर्मचारी हे सारे स्वरावरून, भुवईवरून, मागील अनुभवावरून ओळखतात आणि आपण काही ओळखीत आहोत ह्याची त्यांना जाणीवही नसते. ज्याचे मन शब्दाचा अर्थ शब्दाप्रमाणेच घेते असा कर्मचारी मात्र साहेबांनी सवड सांगितली म्हणून खरोखरच सवडीने काम करतो आणि कामचुकार ठरतो. बैठकीत वरिष्ठांनी “काही शंका?” असे विचारताच तो खरोखरच शंका विचारतो, आणि उद्धट ठरतो. बदल्या कोणाच्या व्हावयाच्या, कोणती नस्ती कोणी दाबून ठेवली, नवे परिपत्रक गांभीर्याने घ्यावयाचे की नाही, ही महत्त्वाची माहिती चहाच्या टेबलाभोवती फिरते. ज्याला त्या कोलाहलात बसवत नाही त्याच्यापर्यंत ती कधीच पोहोचत नाही. काही वर्षांनी त्याच्या गोपनीय अहवालात ‘मिळून मिसळून वागत नाही’ अशी ओळ येते. त्याचे टिपण निर्दोष असते, आकडे बिनचूक असतात, पण बढतीच्या वेळी ती एक ओळच वाचली जाते.

ह्यावरील उपाय महागडा नाही. काम काय, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत, कोणाकडे द्यावयाचे, आणि दोन कामे एकदम आली तर आधी कोणते करावयाचे, एवढे चार ओळींत लिहून दिले की पुरते. अमेरिकेतील पशुसंवर्धनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन ह्यांनी जनावरांच्या कोंडवाड्यांची आणि कत्तलखान्यांतील मार्गांची रचना बदलून टाकली. त्या स्वतः स्वमग्न आहेत. तरुणपणी एका वरिष्ठाने त्यांच्यासमोर दुर्गंधनाशकाची डबी ठेवून, हे वापरत जा, असे रोखठोक सांगितले होते, ही हकीकत त्या सांगतात आणि त्या वरिष्ठाचे आभार मानतात. सभ्य समाजात असे बोलणे अशिष्ट मानले जाईल. परंतु पाठीमागे नाक मुरडून वर्षभराने नोकरी संपविण्यापेक्षा ते कितीतरी दयाळूपणाचे होते.

सूचक बोलण्यानंतर दुसरी अडचण म्हणजे आवाज आणि प्रकाश. लुकलुकणारी ट्यूबलाइट, घरघरणारा पंखा, एकाच दालनात वाजणारे चार दूरध्वनी, मागून होणारी ये-जा. बहुतेकांचे मन ह्यांना काही वेळाने बाजूला सारते, पण काही मनांना ते जमत नाही. अशा माणसाची अर्धी शक्ती सकाळी अकराच्या आतच खर्च होते. भिंतीकडे तोंड करून बसण्याची जागा, कानांवर आवाजरोधक साधन लावण्याची मुभा, टेबलावर साधा दिवा, एवढ्यावर पुष्कळदा भागते. ह्यावर एक ठराविक आक्षेप घेतला जातो: एकाला अशी सवलत दिली तर उद्या सगळेच मागतील. ह्या आक्षेपाला उत्तर कचेरीतच उपलब्ध आहे. खिडकीजवळची जागा कोणाला मिळते, वातानुकूलित खोली कोणाला मिळते, कोणाच्या लहरीप्रमाणे बैठकीची वेळ बदलते, हे पाहावे. माणसांच्या सोयीनुसार कचेरी सतत वाकतच असते. फक्त ती हुद्द्याप्रमाणे वाकते, गरजेप्रमाणे नाही.

प्रवेशाच्या दारातच जी अडवणूक होते तिचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. मुद्रितशोधकाची जागा भरावयाची असो की संगणकावरील चाचणीकाराची, परीक्षा बहुधा एकाच गोष्टीची होते: उमेदवार डोळ्याला डोळा भिडवून हसतमुखाने स्वतःविषयी बोलू शकतो किंवा नाही. त्या कामात ह्या गुणाची गरज पडो वा न पडो. डेन्मार्कमध्ये थोर्किल सोन ह्यांनी 2004 मध्ये ‘स्पेशालिस्टर्न’ ही संस्था स्थापन केली. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. मुलाखतीच्या ऐवजी उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव जुळविण्यास देऊन त्यांची कार्यपद्धती पाहण्याचा प्रघात ह्या संस्थेने पाडला. 2013 मध्ये ‘सॅप’ ह्या जर्मन संगणक-प्रणाली कंपनीने तिच्याशी करार केला. त्या कंपनीच्या प्रायोगिक प्रकल्पात भारतातील सहा स्वमग्न व्यक्तींना प्रणालींची चाचणी घेण्यासाठी नेमण्यात आले. 2020 पर्यंत एकूण कर्मचाऱ्यांत एक टक्का स्वमग्न व्यक्ती असाव्यात, असे उद्दिष्टही त्या वेळी जाहीर झाले.

ह्या उपक्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळे एक दुसरा ठसा मात्र लोकांच्या मनावर उमटला, आणि तो घातक आहे. स्वमग्न माणूस म्हणजे संगणकाचा जादूगार, अशी समजूत त्यातून पसरली. मग ज्याला गणित येत नाही, जो ग्रंथालयात पुस्तके लावू इच्छितो, रोपवाटिकेत काम करू इच्छितो किंवा केवळ टपाल वाटू इच्छितो, त्याच्याकडे पाहून लोक विचारतात, ह्याच्यात विशेष ते काय? नोकरीचा हक्क अलौकिक प्रतिभेच्या मोबदल्यात मिळावा, अशी अट इतर कोणालाही घातली जात नाही. सामान्य कुवतीच्या लक्षावधी माणसांनी कचेऱ्या भरलेल्या आहेत आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

कायद्याची बाजू ह्या देशात बरीच पुढे गेलेली आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते प्रथम आले, पण तो कायदा मुख्यतः पालकत्व व संगोपन ह्यांपुरता होता. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा झाला. तो 19 एप्रिल 2017 पासून अंमलात आहे. त्याच्या अनुसूचीत एकवीस अवस्था असून स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता ह्यांचा त्यांत समावेश आहे. शासकीय आस्थापनांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता ह्या सर्वांना मिळून आहे. वाजवी समायोजन नाकारणे हा भेदभाव आहे, असे कायद्याने स्पष्ट म्हटले आहे. वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेने देखील समान संधीच्या धोरणात दिव्यांगांना कोणत्या सोयी मिळतील हे नमूद करावे, असे 2017 चे नियम सांगतात.

महाराष्ट्राचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती देण्यास ह्या राज्याने 1990 च्या दशकातच, म्हणजे देशात फार लवकर, प्रारंभ केला. त्या काळी ज्या मुलांना अर्धा तास अधिक मिळाला ती आज चाळिशीत आली आहेत, बँकांत, विमा कंपन्यांत, शाळांत नोकरी करीत आहेत. त्यांची अक्षरे अजूनही जागा बदलतात आणि लांबलचक परिपत्रक वाचताना त्यांना अजूनही घाम फुटतो. परंतु सवलत परीक्षागृहाच्या दारापर्यंतच होती. मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी संगणक-प्रणाली आता सहज मिळते, टिपण तोंडी सांगून उतरविता येते. असे असूनही ही माणसे घरी नेऊन रात्री फायली वाचतात आणि सकाळी त्या जणू कचेरीतच वाचल्या असे दाखवितात. लपविण्याचे हे श्रम कोणत्याही हजेरीपटावर नोंदले जात नाहीत.

न सांगितले तर सोय मिळत नाही, सांगितले तर बढती धोक्यात येते. ही कोंडी फोडण्यास न्यायालयाच्या दोन निर्णयांची मदत होऊ शकते. पहिला 11 फेब्रुवारी 2021 चा. हाताच्या लेखन-विकारामुळे लेखनिक मागणाऱ्या नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला, त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही, ह्या कारणाने नकार मिळाला होता. ही मर्यादा राखीव जागांसाठी आहे, वाजवी समायोजनासाठी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि समायोजन हे ज्या त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करावे लागते, हे आग्रहाने सांगितले. दुसरा निर्णय त्याच वर्षीच्या 17 डिसेंबरचा. तो मानसिक आजाराविषयी, केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणी, दिला गेला. ज्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालली त्या वर्तनाच्या कारणांत अपंगत्व हे एक कारण असेल, तर ती कारवाई भेदभाव ठरते, हे त्यात मान्य झाले. प्रकरण वेगळ्या आजाराचे असले तरी ‘उद्धट’ आणि ‘मिळून मिसळून न वागणारा’ ह्या शेऱ्यांचा भार ज्यांच्यावर पडतो, त्यांच्या वकिलांनी तो निर्णय हाताशी ठेवावा असा आहे.

पहिल्या निर्णयाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. अनुसूचीतील एकवीस अवस्थांत अवधान-न्यूनता व अतिचंचलता हिचे नाव नाही. जो तासभर एका जागी बसू शकत नाही, तीन कामे आरंभून चौथ्याकडे वळतो, पण ऐन निकडीच्या वेळी इतर गांगरले असताना झपाट्याने मार्ग काढतो, अशा कर्मचाऱ्याला त्या अवस्थेखातर कोणतेही मंडळ टक्केवारीचे प्रमाणपत्र देणार नाही. तथापि कायद्यातील दिव्यांग व्यक्तीची व्याख्या अनुसूचीहून व्यापक आहे. दीर्घकालीन न्यूनता आणि भोवतालचे अडथळे ह्या दोहोंमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही तो त्या व्याख्येत येतो. म्हणजे मोठे काम लहान तुकड्यांत वाटून देणे, मधून मधून उठू देणे, दर सोमवारी दहा मिनिटे बसून आठवड्याचा क्रम ठरविणे, ह्या गोष्टींसाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. विभागप्रमुख त्या आपल्या अधिकारात करू शकतो.

विभागप्रमुख बदलला की मात्र बहुतेक वेळा हे सारे पुसले जाते. नव्याला मागील समजुतीची माहिती नसते, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगण्याची पाळी त्याच कर्मचाऱ्यावर येते ज्याला सांगणे सर्वांत कठीण जाते. म्हणून जे ठरले ते त्या कर्मचाऱ्याच्या संमतीने एका कागदावर लिहून त्याच्या सेवापुस्तकाबरोबर ठेवावे, आणि कार्यभार सोपविण्याच्या यादीत किल्ल्या, शिक्के व प्रलंबित प्रकरणे ह्यांच्या खाली त्या कागदाचीही एक नोंद असावी.